वजाबाकीतून हाती येणाऱ्या भिंतीस

सामाईक भिंतीस,



तुला मी आयुष्यात हजारो वेळा कागदावर काढलं, पत्र मात्र आज पहिल्यांदा लिहितो आहे. 1985 ते 2019 अशी 34 वर्षं मी मोजणी खात्यात भूकरमापक होतो. साखळी आणि शंकूपासून सुरुवात झाली, मग फलकयंत्रावर वाकून मान धरली, शेवटी शेवटी ईटीएस (इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन) मशीन हातात आलं. एवढ्या वर्षांत बांध मोजले, ओढे मोजले, रस्ते मोजले. पण सगळ्यात जास्त कोड्यात टाकलंस ते तू, आणि माझ्या हातून कुणावर अन्याय झाला असेल तर तोही तुझ्यावरच.

शेताची हद्द उघड्यावर असते. बांध दिसतो, खुणेचा दगड उकरून काढता येतो, नाहीच सापडला तर जुन्या टिपणावरून जागा काढता येते. गावठाणात तू दोन घरांच्या पोटात दडलेली. तुझी दोन्ही अंगं एकाच वेळी कुणालाच दिसत नाहीत, म्हणून तुझी जाडी टेप लावून थेट घेता येत नाही. ती वजाबाकीतून काढावी लागते. गल्लीत उभं राहून दोन्ही घरांची मिळून दर्शनी रुंदी घ्यायची: 46 फूट. कडेच्या दोन भिंतींची जाडी खिडकीत टेप धरून मोजायची, अडीच-अडीच फूट, आणि ती वजा करायची. राहिले 41. मग एका घरात जाऊन आतली रुंदी घ्यायची, 19 फूट 3 इंच. दुसऱ्या घरात जाऊन घ्यायची, 19 फूट 1 इंच. हे सगळं वजा केल्यावर जे 2 फूट 8 इंच उरतात, ती तू. हे आकडे उदाहरणापुरते घेतलेले नाहीत. बार्शी तालुक्यातल्या आमच्या घराचे आणि आमच्या चुलत्यांच्या घराचे आहेत.

आता हे 2 फूट 8 इंच कागदावर किती होतात? नगर भूमापनाचा नकाशा 1:500 प्रमाणात काढतात. त्यावर तुझी जाडी जेमतेम 1.6 मिलिमीटर भरते. जुन्या नकाशांत तर बहुतेक ठिकाणी तू म्हणजे एकच रेष. रेषेच्या अलीकडे एक नंबर, पलीकडे दुसरा. जिच्यावर दोन घरांच्या तुळया टेकल्या आहेत, दोन्हीकडच्या खुंट्या जिच्यात ठोकल्या आहेत, ती मी एका रेघेत संपवली आणि पुढच्या घराकडे वळलो. लोक विचारायचे, “साहेब, भिंत कुणाकडं दाखवली?” मी सांगायचो, “भिंत हद्दीवर आहे.” ते उत्तर खोटं नव्हतं, पण अपुरं होतं. तुझ्या दोन्ही अंगांना राहणाऱ्यांना त्यातून काहीच कळत नव्हतं. ते किती अपुरं होतं, हे मला कळलं ते स्वतःच्या घरात, निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना.

वैशाख होता. आईचा फोन आला. म्हणाली, “अरे, देवळीतनं उजेड येतोय.”

आमच्या माजघरातली ती देवळी माझ्या आजोबांच्या वेळची. कोपराइतका हात आत जाईल एवढी खोल. मोजायची गरज कधी पडली नव्हती. नंतर मोजली, 14 इंच भरली. तिच्यात रोज संध्याकाळी दिवा लागायचा, वरची कड काजळीनं काळी झालेली. त्या देवळीच्या मागच्या अंगाला, जिथं पिढ्यान्‌पिढ्या अंधार होता, तिथं बोटभर फट पडून दुपारचं ऊन आत येत होतं. मी दुसऱ्या दिवशी गावी पोचलो. चुलत्यांचा थोरला मुलगा, आमचे दादा, जुनं माळवद उतरवून पक्कं घर बांधत होते. खोली रुंद व्हावी म्हणून त्यांनी तुला त्यांच्या बाजूनं बरोब्बर 16 इंच तासून काढलं होतं, ओळंबा लावून, नीट, सरळ रेषेत. आमच्या देवळीमागं राहिली होती 2 इंच पांढरी माती.

दादा वाईट माणूस नव्हेत. आमच्या घरात कुणाचं दुखलं-खुपलं तर पहिले धावून येणारे तेच. त्यांनी ट्रंकेतून आजोबांच्या वेळचं वाटणीपत्र काढून माझ्यापुढं धरलं. त्यात तुझ्याबद्दल तीनच शब्द: ‘मधली भिंत सामाईक’. दादा म्हणाले, “सामाईक म्हंजे निम्मी माझी. माझी निम्मी मी काढली. तुझ्या निम्मीला हात लावला न्हाई.”

मी म्हणालो, “दादा, निम्मी तुमची, कबूल. पण निम्मी भिंत उभी राहत नाही.”

त्यावर ते काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही, कारण त्यांचा हिशोब कागदाला धरून होता. चूक त्या कागदातच होती. ‘सामाईक’ हा एक शब्द लिहून दोन सख्खे भाऊ सुटले, आणि त्या शब्दाचा अर्थ नातवांवर सोडून गेले.

त्या शब्दाचा अर्थ शोधायला मी नंतर कायद्याची पुस्तकं धुंडाळली. वकील नाही मी, पण आयुष्यभर कमिशनच्या मोजण्या केल्या, कोर्टात साक्षी दिल्या, तेव्हा वाचता येतं. 1880 साली इंग्लंडमध्ये वॉटसन विरुद्ध ग्रे हा दावा चालला. तुझ्यासारख्याच एका भिंतीवरून. न्यायमूर्ती फ्राय यांनी त्यात सांगितलं की ‘पार्टी वॉल’ या शब्दाचे चार अर्थ होऊ शकतात, आणि आपल्याकडच्या कोर्टांतही आजवर त्याच चार अर्थांचा आधार घेतला जातो. सर्वांत प्रचलित अर्थ असा की सगळी भिंत दोघांची, अविभक्त. तुझा प्रत्येक दगड, प्रत्येक इंच दोघांच्या मालकीचा, वाटणी नाहीच. दुसरा अर्थ दादांचा: तुला लांबीच्या दिशेनं मधोमध उभी चिरली असं मानायचं, अलीकडची पट्टी याची, पलीकडची त्याची. तिसऱ्यात तू एकाचीच असतेस, पण तुला दुभाजक म्हणून उभी ठेवून घ्यायचा हक्क दुसऱ्याला असतो. चौथ्यात पुन्हा दोन पट्ट्या, मात्र प्रत्येक पट्टीवर शेजाऱ्याच्या आधाराचा बोजा. म्हणजे पट्टी स्वतःची असली तरी ती काढून घ्यायची नाही.

आजोबांच्या त्या एका शब्दात हे चारही अर्थ मावतात. पहिला किंवा चौथा धरला तर दादा चुकले. दुसरा धरला तर दादा बरोबर आणि आमचं माजघर त्यांच्या मेहरबानीवर. इंग्लंडनं 1925 साली कायदा करून हा घोळ मिटवला. तिथं अविभक्त मालकीच्या भिंती सरसकट चौथ्या अर्थात नेऊन बसवल्या, प्रत्येकाला अर्धी, आणि अर्ध्यावर दुसऱ्याचा हक्क. आपल्याकडं तसं कुणी केलं नाही. मला स्वतःला पहिला अर्थच पटतो. तू दोघांची आहेस ती पूर्णच्या पूर्ण. निम्मी-निम्मी नव्हे. हे मी भावनेनं म्हणत नाही. तुझी घडणच तशी आहे, आणि ते मी किल्लारीत डोळ्यांनी पाहिलं आहे.

30 सप्टेंबर 1993 ची पहाट. गणपतीचं विसर्जन करून लोक गाढ झोपले होते. भूकंपात लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसं गेली. नव्या गावठाणांच्या आखणीसाठी काही महिने मलाही तिकडं पाठवलं होतं. जुनी गावं आम्ही ढिगाऱ्यांवरून चालत पाहिली. तिथं तुझ्यासारख्याच भिंती होत्या, दोन-अडीच फुटांच्या, दगड आणि मातीच्या. लांबून अभेद्य वाटाव्या अशा. पण आत काय होतं? दोन बाजूंना दोन दगडी पडदे, मधे माती आणि खडी भरलेली, आणि दोन्ही पडद्यांना बांधून ठेवणारे आरपार दगड फारच थोडे, कुठं कुठं मुळीच नाहीत. धक्का बसला तशी भिंत आधी मधोमध फाटली, दोन पडदे एकमेकांपासून सुटले, आणि मग माळवदाचा मातीचा भार खाली आला. जाड भिंत म्हणजे भक्कम भिंत, हा आपला समज त्या पहाटे मोडला. अभियंत्यांनी पुढं सगळ्यांना एकच गोष्ट परोपरीनं सांगितली: भिंतीच्या दोन अंगांना जोडणारे लांब दगड घाला.

दादांनी तासलेली तुझी कड पाहताना मला तेच आठवलं. कायद्यातला दुसरा अर्थ म्हणजे कागदावर तुला उभी फाडणं. भूकंपानं दगडांचं जे केलं, तेच हा अर्थ मालकीचं करतो. ज्यानं हा अर्थ पहिल्यांदा मांडला त्याच्या डोळ्यांपुढं कदाचित चुन्यात बांधलेली विटांची भिंत असेल. पांढऱ्या मातीच्या भिंतीला तो लागू करणं म्हणजे माणसं मारणं आहे.

किल्लारीच्या त्या नव्या गावांत घरं सुटी-सुटी झाली, प्रत्येकाच्या चारी बाजूंना मोकळी जागा. आखणी आम्हीच केली, सरळ रेषेत, रुंद रस्त्यांची. तिथं तू नाहीस. सुरक्षेच्या दृष्टीनं ते योग्यच झालं, त्याबद्दल माझ्या मनात दुमत नाही. एवढंच सांगतो की तिथल्या म्हाताऱ्या बायका रात्री भिंतीवर थाप मारून शेजारणीला हाक द्यायची सवय बरेच दिवस विसरल्या नव्हत्या, आणि थाप मारायला भिंत नव्हती.

पुन्हा कायद्याकडं वळतो, कारण तुझं संरक्षण त्यातच आहे, फक्त ते कुणी कुणाला सांगत नाही. आपल्याकडं 1882 चा भारतीय सुविधाधिकार अधिनियम आहे; सुविधाधिकार म्हणजे आपल्या मिळकतीसाठी दुसऱ्याच्या मिळकतीवर असलेला हक्क. मुंबई इलाख्याला तो 1891 साली लागू झाला. त्याचं कलम 13 तुझ्यासारख्या बहुतेक भिंतींचा जन्मदाखला म्हणावा असं आहे. एकाच मालकाची दोन लागून असलेली घरं असतील आणि त्यानं त्यातलं एक विकलं, तर दोन्ही घरांना एकमेकांच्या आधाराचा हक्क आपोआप मिळतो. वाटणीलाही हेच तत्त्व लागू आहे. गावठाणातल्या तुझ्या जातीच्या बहुतेक भिंती अशाच जन्मल्या: एका घराचे दोन भाऊ, मधे एक भिंत. म्हणजे आमच्या आजोबांनी कागदात ‘आधार’ हा शब्द लिहिला नसला, तरी कायद्यानं तो लिहून ठेवलेलाच होता. हे मला आधी ठाऊक असतं तर दादांशी मी अधिक शांतपणे बोललो असतो.

कलम 15 मात्र लोकांना उलटं वाटतं. एखाद्या घरानं शेजारच्या भिंतीचा आधार 20 वर्षं शांतपणे, विनाखंड, हक्क म्हणून घेतला, तर तो हक्क पक्का होतो. यातला ‘हक्क म्हणून’ हा भाग कळीचा आहे. तुम्ही शेजाऱ्याला विचारून तुळई टेकवली असेल, तर ती परवानगी ठरते, आणि परवानगीची 20 काय, 50 वर्षं झाली तरी तिचा हक्क होत नाही. कितीदा तरी मोजणीच्या वेळी मला वयस्कर माणसांनी अभिमानानं सांगितलं आहे, “आमच्या वडलांनी यांच्या वडलांना विचारून तुळई टेकवली होती, साहेब.” ती माणसं आपल्या बाजूनं सर्वांत सभ्य पुरावा देत होती, आणि कोर्टात तोच त्यांच्या विरुद्ध जाणार होता. मला हे आजही बोचतं. सुदैवानं त्याच कायद्याचं कलम 60 थोडी भरपाई करतं. परवानगीवर विसंबून कुणी खर्च करून कायमचं बांधकाम केलं असेल, तर ती परवानगी मग मागं घेता येत नाही. टेकवलेल्या तुळईवर माळवद चढलं की “काढून घे” म्हणायचा मार्ग बंद.

आणि उंची वाढवणं? जिल्ह्याच्या कोर्टांत कितीतरी तंटे यावरूनच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मद्रास हायकोर्टापुढं असंच प्रकरण आलं होतं. एका भागीदारानं दुसऱ्याला न विचारता सामाईक भिंतीवर आपल्या मजल्यासाठी बांधकाम चढवलं. कोर्टानं ते वाढीव बांधकाम काढून टाकायला लावलं. जी वस्तू दोघांची आहे तिचा एकट्यानं असा वापर करायचा नाही, की दुसऱ्याला तिथं जागाच उरू नये. हा निकाल मला मोलाचा वाटतो, कारण तो तुला दोन पट्ट्या मानत नाही, एक वस्तू मानतो.

पुरावा कुठून आणायचा, हा पुढचा प्रश्न. कागद नसतो तिथं तुझ्या अंगावरच्या खुणा बोलतात. फ्रान्सच्या 1804 च्या दिवाणी संहितेत एक फार शहाणं कलम आहे. भिंतीच्या माथ्याचा उतार एकाच बाजूला असेल, पावसाचं पाणी एकाच्याच अंगणात पडत असेल, तर भिंत त्याची. ज्यानं पाणी झेललं त्याची भिंत, हा न्याय मला खेड्यातल्या कुठल्याही म्हाताऱ्याच्या तोंडी शोभला असता. आपल्याकडं कोर्ट कमिशनर येतो तेव्हा तोही तेच बघतो: वळचण कुणीकडं, पन्हाळ कुणीकडं, तुळयांची टोकं किती आत गेली आहेत, देवळ्या कुणाच्या बाजूला आणि किती खोल, गिलावा कुणाचा जुना. मनुस्मृतीत सीमेच्या तंट्यांचा निवाडा ज्येष्ठ महिन्यात करावा असं सांगितलं आहे, खुणा त्या वेळी स्पष्ट दिसतात म्हणून. जमिनीखाली कोळसा, विटा, खापऱ्या पुरून ठेवाव्यात, म्हणजे पुढच्या पिढीला सीमा सापडेल, असंही त्यात आहे. आमच्या खात्याचे खुणेचे दगड त्याच जातीचे. पण तुझ्यासाठी खूण पुरायला कुणी सांगितलं नाही, कारण तू डोळ्यांसमोर उभी होतीस. उभी आहे तोवर तिच्यासाठी खूण कशाला, असं सगळ्यांना वाटलं.

भिंत पडते तेव्हा किंमत नेहमी घरातल्यांनाच मोजावी लागते असं नाही. 29 जून 2019 ला मध्यरात्रीनंतर पुण्यात कोंढव्याला, भर पावसात, एका गृहसंकुलाची सीमाभिंत शेजारच्या जागेतल्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि 15 जीव गेले, त्यात लहान मुलं होती. ती तुझ्यासारखी घरातली भिंत नव्हती, आवाराची होती. पण भिंतीच्या पलीकडं कुणीतरी झोपलेलं असतं, हे तिथंही खरंच होतं. त्या दिवशी मी निवृत्तीचे कागद गोळा करत होतो, आणि ते हातातच राहिले.

इंग्लंडमध्ये 1996 चा पार्टी वॉल कायदा आहे, 1997 पासून लागू. सामाईक भिंतीला हात लावायच्या आधी शेजाऱ्याला दोन महिने लेखी नोटीस द्यावी लागते. जवळ पाया खोदायचा असेल तर एक महिना. शेजाऱ्यानं हरकत घेतली किंवा 14 दिवसांत उत्तरच दिलं नाही, तर सर्व्हेअर नेमून लेखी निवाडा होतो, काम त्याप्रमाणं चालतं. कोर्टाची पायरी चढायच्या आधीच. याची मुळं 1666 च्या लंडनच्या आगीनंतर झालेल्या बांधकाम कायद्यांत आहेत. शहराचा मोठा भाग जळाल्यावर त्यांना भिंतीचं महत्त्व कळलं. आपल्याकडं असा कायदा नाही. महाराष्ट्रानं तो करावा असं माझं ठाम मत आहे. दोन महिन्यांची नोटीस ही काही मोठी मागणी नाही.

तोवर एक संधी आपल्या दारात येऊन गेली आहे. 24 एप्रिल 2020 ला स्वामित्व योजना सुरू झाली. ड्रोननं गावठाणं मोजायची आणि घरमालकाला मिळकत पत्रिका द्यायची. आमच्या गावावरून ड्रोन उडाला तेव्हा मी निवृत्त होतो, पण सवयीनं सकाळपासून चावडीपाशी उभा राहिलो. आदल्या दिवशी लोकांनी हद्दींवर चुन्याच्या रेघा मारल्या होत्या. वरून ते दृश्य स्वच्छ दिसत असणार. पण ड्रोनला छप्पर दिसतं. छपराखाली तू कुठून कुठं जातेस, तुझ्यात कुणाच्या तुळया आहेत, हे त्याला दिसत नाही. ते घरोघर जाऊन, दोघांना समोर बसवून, विचारूनच लिहावं लागतं.

आणि लिहायला जागा आहे! हे सांगण्यासाठीच खरं तर हे पत्र. मिळकत पत्रिका हातात घेतली की लोक क्षेत्र बघतात, नाव बघतात, फार तर सत्ता प्रकार बघतात. त्याच पत्रिकेवर ‘सुविधाधिकार’ असा एक रकाना छापलेला असतो. मी नोकरीत पाहिलेल्या बहुतेक पत्रिकांवर त्या रकान्यात एक आडवी रेघ असे. रेघ म्हणजे काही नाही. अडीच फुटांची भिंत, दोन घरांच्या तुळया, तीन पिढ्यांचा आधार, आणि कागदावर काही नाही. तो रकाना तुझ्यासाठी होता, आणि आम्ही त्यात रेघ मारली.

आमचं काय झालं, तेवढं सांगून पत्र संपवतो. दादांनी त्याच दिवशी काम थांबवलं. गावातल्या एका तरुण अभियंत्यानं माळवदाला लोखंडी टेकू दिले. माजघराच्या वरची माती पाट्या-पाट्यांनी उतरवली, तेव्हा आई दिवसभर अंगणात बसून होती. तासलेल्या बाजूला नुसत्या विटा लावून भागणार नव्हतं. मातीच्या भिंतीला नवी वीट धरत नाही, पुन्हा तेच दोन पडदे झाले असते. म्हणून तुला तुकड्या-तुकड्यानं उतरवून पूर्ण नवी बांधली, दीड विटेची, 14 इंच. 32 इंचांतून 14 गेले, 18 उरले. ते नऊ-नऊ इंच दोन्ही घरांत गेले. मधली रेषा होती तिथंच राहिली. देवळी मात्र गेली. 14 इंचांच्या भिंतीत 14 इंचांची देवळी होत नाही. आता आई दिवा लाकडी फळीवर ठेवते.

त्यानंतर आम्ही दोघांनी करारनामा लिहिला आणि नोंदवला. त्यात लिहिलं की ही भिंत जमिनीपासून माथ्यापर्यंत, पूर्ण जाडीत, दोघांची अविभक्त मालकीची आहे, तिची उभी वाटणी कधी मागायची नाही. दोन्ही घरांना तिचा आधार घ्यायचा हक्क आहे. तिला हात लावायचा असेल तर दोन महिने आधी लेखी कळवायचं. दुरुस्तीचा खर्च निम्मा-निम्मा, उंची वाढवणाऱ्यानं वाढीव खर्च एकट्यानं करायचा आणि पाया तपासून घ्यायचा. सोबत जाडीची मापं आणि दोन्ही बाजूंचे फोटो जोडले. पुढं पत्रिका आल्यावर तो दस्त लावून नोंदीसाठी अर्ज केला. दादांनी सही करताना विचारलं, “आता सामाईक म्हंजे काय, हे पोरांना कळंल ना?” मी म्हणालो, “कळेल.”

तुझ्या अलीकडं-पलीकडं राहणाऱ्या सगळ्यांना माझी एक विनंती पोचव. बोलणं आहे तोवर शेजाऱ्याला घेऊन बसा. मिळकत पत्रिका काढून ‘सुविधाधिकार’ हा रकाना बघा. तिथं रेघ असेल तर करार लिहून, नोंदवून, ती पुसून घ्या. आणि हे ज्येष्ठाच्या आत करा, मृग लागला की मातीच्या भिंतीला वेळ नसतो.

आमच्या दोन्ही घरांच्या पत्रिकांवर आता त्या रकान्यात तुझं नाव आहे.

तुझा,
एक निवृत्त भूकरमापक